सतरा नंबरची पिशवी

वर्धा
१२ ऑक्टोबर १९८३

दादा,

मायना काय लिहावा ते ठरलं नाही, म्हणून नुसतं दादा लिहिलं. आई गेली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आपण एकमेकांना एक ओळही लिहिलेली नाही, त्यामुळे सवय नाही.

तुझं कार्ड काल मिळालं. तार वेळेत पोचली होती हे त्यावरून कळलं. आला नाहीस, त्याबद्दल मी काही विचारणार नाही. तू दोन गोष्टी विचारल्यास : बाबा कसे गेले, आणि जाताना तुझं नाव काढलं का.

पहिल्याचं उत्तर केसपेपरवर आहे, ते तसंच उतरवते. मंगळवार, ४ ऑक्टोबर. रूपराव डेकाटे, पुरुष, वय सदुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार सेवक निवास, खोली सतरा. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी तातडीच्या खोलीत आणलं तेव्हा मृत. कारण हृदयविकाराचा झटका. खाली डॉक्टरांची सही. सोबत ईसीजीची पट्टी जोडलेली आहे. ती मी काढली. हॉस्पिटलात मी तेच काम करते.

दुसऱ्याचं उत्तर मला माहीत नाही.

तू निवास पाहिलेलं नाहीस. वर्ध्याबाहेर ट्रस्टची बत्तीस खोल्यांची चाळ आहे. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, रेल्वेतले लोक, दोन विधवा बाया. बहुतेकांची मुलं लांब. कंपाउंडच्या भिंतीत एक फाटक आहे, त्यातून आलं की आमचं हॉस्पिटल. खोली सतरापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत दोनशे दहा पावलं होतात. दवाखाना शेजारी आहे म्हणूनच लोक निवासात नाव घालून ठेवतात. बाबांनीही म्हणूनच घातलं होतं. मी नर्सेसच्या क्वार्टरमध्ये राहते. त्यांना माझ्याकडे राहायचं नव्हतं आणि मीही आग्रह केला नाही.

अग्नी नत्थूजींनी दिला. ते शेजारच्या सोळा नंबरात राहतात, रेल्वेत गार्ड होते. मी देते म्हटलं, ते निवासातल्या लोकांना पटलं नाही. वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी राख धाम नदीत सोडली. कपडे, भांडी, कंदील, सगळं तिथल्याच गरजूंना दिलं, तसा तिथला रिवाज आहे. घड्याळ मी ठेवून घेतलं. ते चालू आहे. तुला हवं असेल तर कळव.

तुझा भिलाईचा नवा पत्ता मला कुठून मिळाला, असंही विचारलंस. ते मग कधीतरी.

नलिनी


३१ ऑक्टोबर १९८३

दादा,

तू फिटर आहेस हे मी विसरले होते. दोनशे दहा पावलांवर राहणारा माणूस बारा वाजता 'आणला' म्हणजे काय, सकाळपासून तो कुठे होता, असं विचारलंस. बरोबर विचारलंस. आधी आमची लाइन समजून घ्यावी लागेल.

केसपेपरची खिडकी एकच आहे. बाह्यरुग्णाला कागद तिथेच मिळतो, तातडीच्या खोलीलाही तिथलाच कागद लागतो. कागदाशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, मी पट्टी काढत नाही, औषध मिळत नाही. अपवाद आडवा आणलेल्याला. बैलगाडीतून आणलेला, साप चावलेला, फवारणीचं औषध प्यायलेला, तो सरळ आत जातो. जो चालत आला तो लाइनीत. हे कुठे लिहिलेलं नाही, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे हेच पाळतात.

निवासातले लोक नेहमी चालत येतात. दोनशे दहा पावलंच तर आहेत. त्यामुळे कोणाला धाप लागलेली असो की चक्कर आलेली, ते कधीच तातडीचे ठरत नाहीत. जुलैमध्ये मी महिनाभर वेळा लिहून ठेवल्या होत्या. निवासातल्या माणसाला लाइनीला लागल्यापासून डॉक्टर दिसेपर्यंत सरासरी दोन तास चाळीस मिनिटं. सगळ्यात जास्त चार तास पंचवीस मिनिटं. तो कागद मी कोणाला दाखवला नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात देवकाबाई लाइनीतच चक्कर येऊन कोसळल्या, थोडक्यात वाचल्या. त्या बारा नंबरातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. त्यानंतर बाबांनी तोड काढली. मांजरपाटाच्या बत्तीस पिशव्या शिवून घेतल्या आणि प्रत्येकीवर खोलीचा नंबर निळ्या दोऱ्यानं भरून घेतला. मंगळवार निवासाचा. त्या दिवशी ज्याला दाखवायचं असेल त्यानं पिशवीत जुना केसपेपर आणि औषधाची रिकामी बाटली घालून ती दाराबाहेर टांगायची. नत्थूजी साडेसहाला सगळ्या पिशव्या सायकलवरून आणतात आणि खिडकीपासून ओळीनं मांडतात. माणसं मागाहून येऊन नळाजवळच्या बाकांवर सावलीत बसतात. लाइन सरकली की मागचा माणूस पुढची पिशवी सरकवतो. खेड्यातून आलेले लोक आधी हसायचे, पण पिशवीची जागा कोणी घेतली नाही. खिडकीवर मधुकरराव असतात. ते नंबर पुकारतात आणि ज्याचा तो उठून जातो. तीन हाकांना ओ नाही आली तर पिशवी बाजूला. हाही नियम बाबांचाच.

नत्थूजी तेव्हा म्हणायचे, "मास्तर, आता पिशवीलेच तपासून घ्या म्हना डॉक्टरले, आपुन घरी झोपतो." सगळे हसायचे. बाबाही.

४ तारखेला सतरा नंबरची पिशवी लाइनीत होती. सकाळी नऊनंतर होती. अकरा पन्नासला ती खिडकीशी पोचली. माझी खोली खिडकीच्या भिंतीला लागून आहे. मधुकररावांनी सतरा म्हणून तीनदा हाक मारली. तिन्ही मी ऐकल्या. मग त्यांनी पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि पुढचा नंबर घेतला.

देवकाबाई बाबांना उठवायला गेल्या. नळाजवळ तीन बाक आहेत, त्यातल्या शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसले होते. टोपी मांडीवर होती. देवकाबाईंना वाटलं डोळा लागला. त्या खांदा हलवून म्हणाल्या, "उठा मास्तर, तुमचा नंबर गेला ना." मग त्यांची ओरड ऐकू आली.

त्यानंतर त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. आडवे आणले म्हणून लाइन लागली नाही. ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी सापडायला चार मिनिटं गेली. त्यानं काही फरक पडणार नव्हता. मला मशीन घेऊन बोलावलं. पट्टीवर सरळ रेघ आली. पट्टीवर बारा लीड, म्हणजे बारा नोंदी, घ्यायच्या असतात; पहिल्याच लीडमध्ये कळलं होतं. मी बाराही काढले. नाव, वय, वेळ पेन्सिलनं लिहिलं आणि पट्टी डॉक्टरांच्या हातात दिली.

बारा पाच ही वेळ खोटी नाही. ती कागदाची वेळ आहे.

नलिनी


२५ नोव्हेंबर १९८३

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नत्थूजी साडेसहाला पिशव्या मांडतात, म्हणजे निवासाच्या पिशव्या सगळ्यात पुढे असणार, त्यांचे नंबर दहापर्यंत संपत असणार, मग सतरा अकरा पन्नासला कशी, असं तू लिहिलंस. तुझं गणित बरोबर आहे. त्या सकाळी नत्थूजींच्या सायकलवर सतरा नव्हती. बाबांनी ती दाराबाहेर टांगलीच नव्हती. ती लाइनीच्या अगदी शेवटी होती, तिच्या पुढे चाळीसेक माणसं होती. ती तिथे बाबांनी स्वतः ठेवली.

याच्यापुढचं आज लिहीत नाही. दुसरं लिहायचं आहे.

पिशवी माणसाची नसते, खोलीची असते. हे मला माहीत होतं, पण लक्षात आलं नव्हतं. सतरा नंबरात आता आनंदाबाई आल्या आहेत, आपल्या गावच्याच, अल्लीपूरच्या. तुला आठवत असतील, शाळेसमोर त्यांच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. ८ नोव्हेंबरला, मंगळवारी, मी पट्टी काढताना छातीला लावायच्या जेलीची बाटली भरत होते आणि भिंतीपलीकडून मधुकररावांची हाक आली, "सतरा." मी थांबले. दुसरी हाक आली. मला वाटलं आता तिसरी येईल आणि मग देवकाबाई ओरडतील. पण "आली, आली" असा बाईचा आवाज आला. मी हात पाहिला. बाटली भरून जेली मनगटापर्यंत ओघळली होती.

दर मंगळवारी ही हाक येते. मी त्या वेळी खोलीबाहेर काही काम काढून पाहिलं. उपयोग नाही. वॉर्डात असले तरी त्या सुमाराला कान तिकडेच असतात. आणि पिशवी दिसते. निळा दोरा एका जागी सुटला आहे, सातचा पाय तुटलेला दिसतो. रात्री झोप लागते, तसं काही नाही. फक्त जाग आल्यावर मी मोजत असते. काय, ते कळत नाही, पण आकडा चाळीसच्या पुढे गेलेला असतो.

आता कामाचं. निवासातल्या एकोणतीस जणांनी ट्रस्टकडे अर्ज केला आहे. नत्थूजींनी लिहिला, सह्या देवकाबाईंनी गोळा केल्या. मास्तर तीन तास आवारात बसून होते आणि कोणी पाहिलं नाही, असं त्यात आहे. ट्रस्टनं मोठ्या डॉक्टरांकडून खुलासा मागवला. त्यांनी त्या दिवशी कामावर असलेल्या सहा जणांकडून लेखी जबाब मागितले. मधुकररावांनी तीन हाका मारल्याचं लिहून दिलं. बाकीच्यांनी आपण पाहिलं नाही असं लिहिलं. माझा राहिला आहे.

मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. चांगले बोलले. वडील गेले, त्यात हा त्रास नको, म्हणाले. बारा पाचला रुग्ण आणला, पट्टी काढली, एवढ्या दोन ओळी पुरेत. जे आपण पाहिलं नाही ते कशाला लिहायचं.

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

मी पिशवी पाहिली होती, दादा. नऊ वीसला जेली आणायला स्टोअरमध्ये जाताना पाहिली. सतरा, सगळ्यात शेवटी. परत येताना पुन्हा पाहिली, दोन हात पुढे सरकली होती. दहा वाजता, साडेदहाला, अकरा पाचला. दार उघडं ठेवलं की लाइनीचा तो भाग दिसतो. मी दार उघडं ठेवलं होतं. नळाकडे एकदाही गेले नाही. पिशवी सरकत होती, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे, असं माझ्या डोक्यात होतं. पिशवी ज्याची तो सरकवत नाही, मागचा माणूस सरकवतो, हे मला चांगलं माहीत होतं.

हे जबाबात लिहिलं तर बारा पाच टिकत नाही. नऊ वीसपासून ते आवारात होते हे कागदावर येतं, तेही हॉस्पिटलच्याच माणसाच्या सहीनं. आणि मग कोणीही विचारील, तुम्ही पाहिलंत तर उठला का नाहीत. तूही विचारशील.

थोडं सांगते, कारण ते फाइलमध्ये आहे आणि तुला कधीतरी कळेल. जूनमध्ये एकदा नत्थूजींना धाप लागली होती. मंगळवार नव्हता, लाइनीत त्यांचा नंबर बराच मागे होता. मी त्यांना मागच्या दारानं आत घेतलं, पट्टी काढली, डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांना दोन दिवस भरती केलं. त्याच आठवड्यात बाबांनी मोठ्या डॉक्टरांना अर्ज दिला. ईसीजीच्या तंत्रज्ञ आपल्या ओळखीच्या रुग्णांना लाइन सोडून आत घेतात, खेड्यातून पहाटे निघालेल्या लोकांवर हा अन्याय आहे, चौकशी व्हावी. खाली सही, रूपराव डेकाटे. अक्षर तुला माहीत आहे. मला मेमो मिळाला. नोकरीतला पहिला.

त्यानंतर बाबा मंगळवारी यायचे, नंबरानं यायचे, मी त्यांचा रक्तदाब घेताना आम्ही बोलायचो नाही. मी त्यांना सगळ्यांसारखं मास्तर म्हणायला लागले होते.

नलिनी


१४ डिसेंबर १९८३

दादा,

तू लिहिलंस, "त्यांच्याच नियमाने त्यांना मारले. मला वाईट वाटत नाही असे म्हणणार नाही, पण आश्चर्य वाटत नाही." आणि पुढे बाहत्तर सालची गोष्ट काढलीस. शाळेच्या परीक्षेत तुला दोन मार्क कमी पडले, मुख्याध्यापक म्हणून त्यांनी तुझा मॅट्रिकचा फॉर्म अडवला, आई रडली, ते म्हणाले, तुला सोडलं तर बाकी पोरांना मुख्याध्यापक बाप कुठून आणू. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. तू ट्रंक घेऊन बसस्टँडवर गेलास तेव्हा मी मागून आले होते. तू पाहिलं नाहीस.

तरीही तुझं वाक्य दुरुस्त करावं लागेल. नियमानं नाही.

४ तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. मागच्या दारानं, ज्या दारानं मी नत्थूजींना आत घेतलं होतं त्याच. हातात पिशवी होती. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "नलू, छातीत भरून आल्यावानी होऊन राह्यलं. पट्टी काढून देतं का?"

जूनपासून त्यांनी मला नलू म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "केसपेपर?"

ते म्हणाले, "नाई काढला अजून."

मी म्हणाले, "मग लाइनीनं या, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात कोणी उत्तर दिलं की थोडा वेळ पाहायचे तसं. मग म्हणाले, "बरोबर हाय." आणि पिशवी घेऊन लाइनीच्या शेवटाकडे गेले. चालत गेले. मी पाठ पाहिली. डावा हात दंडाशी धरला होता. हे लक्षण कशाचं आहे ते मी नागपूरला शिकले आहे आणि परीक्षेत लिहिलं आहे.

त्या वेळी माझी खोली रिकामी होती. पहिला रुग्ण नऊ पस्तीसला आला. पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात. तीन मिनिटं वायरी लावायला, दोन पट्टी काढायला. मशीन तापलेलं होतं. म्हणजे नियम तिथे होता, पण तो मी हातात घेतला होता. मेमोचं उत्तर द्यायचं होतं. जूनपासून मी ते वाक्य तयार ठेवलं होतं. फक्त ते असं, या सकाळी, त्यांच्या छातीत दुखत असताना वापरायचं ठरलेलं नव्हतं. वापरलं. त्यांनी त्यावर बरोबर असा शेरा दिला.

तेव्हाच पट्टी काढली असती तर ते वाचले असते का, हे मला ठाऊक नाही. वाचले असते असं मी म्हणत नाही. आमच्याकडे अशा रुग्णांतले बरेच जातात, बरेच राहतात. पण तीन तास बाकावर बसून गेले नसते.

जबाब मी सोमवारी दिला. दोन ओळींचा नाही, दीड पानाचा. नऊ दहाची वेळ लिहिली, ते काय म्हणाले ते लिहिलं, मी काय म्हणाले ते लिहिलं. नऊ वीस, दहा, साडेदहा, अकरा पाच या वेळाही लिहिल्या. सोबत जुलैचा तो कागद जोडला, सरासरी दोन तास चाळीसचा. मोठ्या डॉक्टरांनी पूर्ण वाचला. चष्मा काढून म्हणाले, हे मधलं काढा, तुमचंच नुकसान आहे, वडिलांना तुम्ही लाइनीत पाठवलंत हे ट्रस्टला कळून काय मिळणार. मी म्हणाले, ते काढलं तर बाकीच्या वेळा कोणी खऱ्या धरणार नाही. त्यांनी घेतला. वर पाठवला की नाही, कळलेलं नाही. नोकरी राहील की नाही, तेही नाही.

नत्थूजींना आणि देवकाबाईंना मी जबाब देण्याआधी जाऊन सांगितलं. कागदावरून कळू नये म्हणून. देवकाबाई आत जाऊन कंदिलाची काच पुसत बसल्या. नत्थूजी पायरीवर बसले. मग म्हणाले, "मले आत घेतलं म्हनून मी जित्ता हाओ. अन् त्याच्यापायी त्यायले बाहेर ठेवलं. आता मी कोनाले काय म्हनू, पोरी?"  मी परत निघाले तर ते फाटकापर्यंत सोबत आले. एरवी येतात तसे. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवलेलं नाही.

आता मी रोज पावणेनऊला, खोली उघडण्याआधी, लाइनीच्या शेवटापासून खिडकीपर्यंत जाते. खेड्यातल्या माणसाला तोंडानं विचारते, काय होतं. पिशवी असेल तर उचलते आणि नळाकडे दाखवून विचारते, ही कोणाची. हात वर झाल्याशिवाय खाली ठेवत नाही. छातीत म्हणाला, धाप म्हणाला, की कागद नसला तरी आत. मागच्या दारानं. यासाठी दुसरा मेमो मिळाला आहे. पहिल्याच्या फाइलला लावला.

काल मंगळवार होता. सतरा नंबरची पिशवी अकरावी होती. मी ती उचलली. आत केसपेपर आणि बाटली, वजन कळतं. कोणाची म्हणून विचारलं. नळाकडून कोणी हात वर केला नाही. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण लाइनीतले लोक वळून पाहायला लागले. तिसऱ्यांदा विचारणार होते, तेवढ्यात आनंदाबाई नळाच्या मागून पदराला हात पुसत आल्या. "हाओ ना बाई, हाओ. पानी पिऊन राह्यली होती. एवढ्यात काऊन मारून राह्यली मले?" बाकांवरचे सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. मी पिशवी जागेवर ठेवली आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं, दहा मिनिटं.

तुझ्या पत्त्याचं राहिलं. त्या दिवशी मधुकररावांनी बाजूला ठेवलेली पिशवी संध्याकाळी माझ्याकडे आली. आत केसपेपर, बाटली, आणि एक आंतरदेशीय पत्र होतं. बाहेर तुझं नाव आणि भिलाईचा पत्ता, सेक्टर आणि क्वार्टर नंबरासकट. पत्ता त्यांनी कोणाकडून मिळवला माहीत नाही. आत फक्त तारीख आहे, ३ ऑक्टोबर, आणि खाली "चि. प्रभाकर यास". पुढे कोरं. म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पत्राच्या वेळीही माझ्याकडे होतं. मला माहीत नाही असं मी लिहिलं. ते खोटं होतं. पत्र सोबत पाठवते आहे. तुझं आहे.

नाताळच्या सुटीत येणार, असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस. कशासाठी ते लिहिलं नाहीस. भांडायला आलास तरी चालेल. स्टेशनवरून निघालास की हॉस्पिटलचं नाव सांग, रिक्षावाल्यांना माहीत आहे. मोठ्या फाटकातून आत आलं की समोर लाइन दिसेल. खिडकीशी थांबू नकोस. उजवीकडून मागे वळ, दुसरं दार माझ्या खोलीचं. ते उघडं असतं. कोणी अडवलं तर माझं नाव सांग.

नलू